नवे द्रवस्फटिकी संयुग कसे तयार करावे आणि कसे तपासावे : एम.एस्सी. प्रकल्पासाठी मार्गदर्शन

सांगली-मिरज परिसरातील महाविद्यालयांत सेंद्रिय रसायनशास्त्राचा एम.एस्सी. प्रकल्प निवडण्याची वेळ आली की विद्यार्थी बहुधा औषधी गुणधर्मांच्या रेणूंकडे वळतात आणि मग जैविक चाचणीचा अहवाल बाहेरून येईपर्यंत खोळंबून राहतात. द्रवस्फटिकांचा विषय घेतल्यास हा खोळंबा होत नाही. तीन पायऱ्यांत अपेक्षित संयुग हाती येते आणि सकाळी गाळलेला नमुना वाळला की सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. माझा अनुभव असा आहे की अभिक्रिया बहुतेकांना जमतात. प्रकल्प फसतो तो शुद्धीकरणाची घाई केल्यामुळे आणि तापमानाच्या नोंदी एकदाच घेतल्यामुळे. म्हणून येथे या दोन गोष्टींवर मुद्दाम अधिक लिहिले आहे.

साधा स्फटिक तापवला की तो वितळून थेट पारदर्शक द्रव होतो. काही सेंद्रिय संयुगे मात्र आधी गढूळ द्रव होतात आणि आणखी तापवल्यावरच निवळतात. प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झालेले आणि १७८.५ अंशांना निवळलेले दिसले. हे निरीक्षण त्यांनी ओटो लेहमान यांना कळवले आणि लेहमान यांनी तापवता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या गढूळ द्रवात स्फटिकासारखे द्विअपवर्तन, म्हणजे प्रकाशकिरण दोन भागांत फुटणे, असल्याचे दाखवले. या मधल्या, म्हणजे द्रवस्फटिकी, अवस्थेत रेणू वाहतात, पण त्यांची दिशा मोडत नाही. आपल्या भागात ज्याने साखर कारखान्याची गव्हाण पाहिली आहे, त्याला हे समजायला वेळ लागू नये. गव्हाणीवरून पुढे सरकणारे ऊस साधारणपणे एकमेकांना समांतर असावेत, पण कोणाचा बुडखा कोठे आणि कोणाचा शेंडा कोठे याला नेम नसावा, अशी रचना म्हणजे नेमॅटिक अवस्था होय. त्याच उसाच्या मोळ्या बांधून, बुडखे एका पातळीत आणून, थरावर थर उभे केले तर ती स्मेक्टिक अवस्था झाली. ही दोन्ही नावे जॉर्ज फ्रीडेल यांनी १९२२ मध्ये रूढ केली. स्मेक्टिकमध्ये रेणू थराला काटकोनात उभे असतील तर ती स्मेक्टिक ए आणि कललेले असतील तर स्मेक्टिक सी.

रेणूची आखणी कागदावर करताना प्रथम त्याचा आकार पाहावा. मध्यभागी निदान दोन, शक्यतो तीन बेंझीन वलये असावीत, ती पॅरा, म्हणजे समोरासमोरच्या, स्थानांतून जोडलेली असावीत आणि त्यांना जोडणारा गट रेणूला सरळ व ताठ ठेवणारा असावा. एस्टर, इमिन आणि अझो हे गट यासाठी नेहमी वापरले जातात. मेटा स्थानातून जोडणी केली की रेणू वाकतो आणि साध्या नेमॅटिकची आशा बहुधा सोडावी लागते. दोन्ही टोकांना लवचीक अल्किल किंवा अल्कॉक्सी साखळी असावी, कारण सर्व भाग ताठ राहिला तर द्रवणांक इतका चढतो की द्रवस्फटिकी अवस्था येण्याआधीच पदार्थ विघटन पावू शकतो. साखळी आखूड असताना बहुधा नेमॅटिक अवस्था मिळते आणि ती लांबत गेली की स्मेक्टिकचा वाटा वाढतो. वलयाच्या बाजूला मिथिल किंवा क्लोरो गट बसवल्यास रेणू रुंद होतो आणि निवळण्याचे तापमान खाली येते. एका मालिकेत एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ही शिस्त मी फार महत्त्वाची मानतो. साखळीही बदलली, टोकाचा गटही बदलला आणि बाजूला क्लोरीनही बसवला, तर तापमानातील फरक कशामुळे पडला हे कोणालाही सांगता येणार नाही.

आपल्या देशात या क्षेत्राची परंपरा भक्कम आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये थाळीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिकी अवस्था देतात हे प्रथम दाखवले. त्या शोधाची सुरुवात बेंझीनच्या एस्टरांपासून, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतही बनू शकतील अशा संयुगांपासून झाली होती.

येथे नमुना म्हणून घेतलेला मार्ग असा आहे : प्रथम पॅरा-ऑक्टिलॉक्सीबेन्झोइक आम्ल, त्यापासून पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइडचे एस्टर आणि शेवटी त्या अल्डिहाइडचे प्रतिस्थापित ॲनिलिनबरोबर संघनन, ज्यातून इमिन तयार होते. शेवटच्या पायरीत ॲमिन बदलले की नवा रेणू मिळतो, त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्या एकदाच मोठ्या प्रमाणात करून ठेवता येतात.

पहिल्या पायरीसाठी ६.९ ग्रॅम, म्हणजे ०.०५ मोल, पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झोइक आम्ल १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये घ्यावे, त्यात सुमारे ६.६ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात विरघळवून घालावे आणि चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड टाकून ११.६ ग्रॅम ऑक्टिल ब्रोमाइड थेंबाथेंबाने सोडावे. हायड्रॉक्साइडचे शुद्ध वजन ५.६ ग्रॅम भरते, परंतु बाजारात मिळणारे हायड्रॉक्साइड साधारण ८५ टक्केच असते, हे गणितात धरावे लागते. मिश्रण १२ ते १६ तास रिफ्लक्स करावे, म्हणजे वाफ थंड करून परत आणत उकळत ठेवावे. या काळात काही ब्रोमाइड कार्बोक्झिलेटच्या टोकालाही लागून एस्टर बनते. ते मोडण्यासाठी शेवटी १० टक्के हायड्रॉक्साइडचे ६० मिलिलिटर द्रावण घालून आणखी दोन तास रिफ्लक्स करणे आवश्यक आहे. ही कृती वगळल्यास पुढे आम्ल कितीही वेळा स्फटिकवले तरी चिकट राहते. त्यानंतर बरेचसे इथेनॉल ऊर्ध्वपातनाने काढावे, उरलेले मिश्रण थंड पाण्यात ओतावे आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २ पर्यंत आणावा. पांढरा साका गाळून, पाण्याने धुऊन, इथेनॉलमधून पुनःस्फटिकीकरण करावे. सैद्धांतिक उत्पादन १२.५ ग्रॅम आहे. त्याच्या साठ टक्के पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळाला तरी तो पुरेसा समजावा.

हे आम्ल म्हणजे केवळ मधली पायरी नव्हे. त्यात वलय एकच असले तरी दोन रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन लांब, ताठ जोडी तयार होते आणि त्यामुळे ते स्वतःच द्रवस्फटिकी आहे. सुमारे १०१ अंशांना स्फटिकापासून स्मेक्टिक सी, सुमारे १०८ अंशांना नेमॅटिक आणि सुमारे १४७ अंशांना निवळ द्रव, असे त्याचे ज्ञात टप्पे आहेत. विद्यार्थ्याने नवीन संयुगाला हात लावण्यापूर्वी या आम्लाची तिन्ही तापमाने स्वतः मोजावीत. ती जुळली नाहीत तर एक तर पदार्थ अशुद्ध आहे किंवा तापमापकाची नोंद चुकते आहे, आणि दोन्ही गोष्टी याच टप्प्यावर कळलेल्या बऱ्या.

दुसऱ्या पायरीत २.५० ग्रॅम आम्ल आणि १.२२ ग्रॅम पॅरा-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड, म्हणजे प्रत्येकी ०.०१ मोल, ४० मिलिलिटर कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये घ्यावे, ०.१२ ग्रॅम डीएमएपी (उत्प्रेरक) घालावे आणि बर्फात ठेवून ढवळत असताना २.२७ ग्रॅम डीसीसी (एस्टरची जोडणी घडवणारे अभिकर्मक) थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून हळूहळू सोडावे. येथे सांगलीच्या हवामानाचा विचार करावाच लागतो. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळते आणि डीसीसी ३४-३५ अंशांना वितळते. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी कपाटातून काढलेल्या बाटलीत डीसीसी मेणासारखे घट्ट न राहता पातळ झालेले आढळते आणि ढवळत ठेवलेल्या फ्लास्कमधील द्रावक पाहता पाहता उडून जातो. ही अभिक्रिया सकाळी लावावी, फ्लास्कवर कंडेन्सर आणि कॅल्शियम क्लोराइडची नळी बसवावी आणि बर्फाची सोय आधी करून ठेवावी. डायक्लोरोमिथेन कोरडे करण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड किंवा कॅल्शियम हायड्राइड वापरावे. सोडियम धातू कदापि वापरू नये, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो. डीसीसी त्वचेला लागल्यास तीव्र ॲलर्जी जडते आणि ती पुढे कायम राहू शकते, म्हणून ते वजन करताना हातमोजे आणि फ्यूमहूड यांना पर्याय नाही.

रात्रभर ढवळल्यानंतर फ्लास्कमध्ये पांढऱ्या भुकटीचा थर दिसतो; ते डायसायक्लोहेक्सिल युरिया होय. ते गाळावे, गालित सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग सोडियम बायकार्बोनेटने आणि पाण्याने धुवावे, सोडियम सल्फेटवर वाळवावे आणि द्रावक काढून टाकावे. युरिया एका गाळणीत कधीच पूर्ण जात नाही. उरलेला पदार्थ अगदी थोड्या थंड इथिल ॲसिटेटमध्ये घेऊन, तासभर बर्फात ठेवून, पुन्हा गाळल्यास बरेचसे युरिया वेगळे होते. त्यानंतर सिलिका स्तंभातून हेक्झेन आणि इथिल ॲसिटेटच्या ९:१ मिश्रणाने शुद्धीकरण करून इथेनॉलमधून स्फटिक मिळवावेत. आयआर, म्हणजे अवरक्त, वर्णपटात एस्टरचा शोषणपट्टा १७३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास आणि अल्डिहाइडचा १६९० ते १७०० च्या दरम्यान दिसला पाहिजे. हे दोन्ही पट्टे ठळक दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी वेळेने सर्वांत लहान आहे, पण सर्वाधिक काळजी तीच मागते. अल्डिहाइड एस्टर १.७७ ग्रॅम आणि सरावासाठी पॅरा-ब्युटिलॲनिलिन ०.७५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ०.००५ मोल, २५ मिलिलिटर निर्जल इथेनॉलमध्ये घ्यावे, ग्लेशियल ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि दोन ते तीन तास रिफ्लक्स करावे. याहून अधिक वेळ तापवू नये, कारण ॲमिन आणि इथेनॉल दोन्ही एस्टरवरही हल्ला करू शकतात. मिश्रण थंड होताना फ्लास्कच्या काचेवर फिकट पिवळे स्फटिक चढू लागतात. ते गाळून थंड इथेनॉलने धुवावेत. ॲनिलिन वर्गातील ॲमिने त्वचेतून शरीरात जातात आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करतात, हे लक्षात ठेवून काम करावे. या संयुगाचा रेणुभार सुमारे ४८५.७ आहे, त्यामुळे सैद्धांतिक उत्पादन २.४३ ग्रॅम येते.

इमिन गटाचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा; पाण्याने तो मोडून पुन्हा अल्डिहाइड आणि ॲमिन होतात. कृष्णाकाठच्या जुलै महिन्यात हवेतील दमटपणा इतका असतो की गाळणकागदावर वाळत ठेवलेला पदार्थ वाळण्याऐवजी पाणीच धरतो. एका पावसाळ्यात मी स्वतः असा एक नमुना रात्रभर उघड्या वॉचग्लासवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दिसायला तो तसाच पिवळा होता, परंतु निवळण्याचे तापमान आदल्या दिवसापेक्षा कितीतरी अंशांनी उतरले होते, संक्रमण एका बिंदूवर न होता पसरले होते आणि आयआरमध्ये १७०० जवळचा अल्डिहाइडचा पट्टा पुन्हा डोके वर काढत होता. तेव्हापासून आमच्याकडे पावसाळ्यात इमिन फक्त निर्वात डेसिकेटरमध्ये वाळवले जाते. अ‍ॅनिसाल्डिहाइड आणि ब्युटिलॲनिलिन यांपासून बनणाऱ्या एमबीबीए या प्रसिद्ध संयुगाच्या बाबतीत तर नाकही साक्ष देते : बाटलीचे झाकण उघडताच बडीशेपेच्या जातीचा गोडसर वास आला तर त्यातील काही भागाचे पुन्हा अ‍ॅनिसाल्डिहाइड झाले आहे, असे समजावे.

याच कारणाने अंतिम संयुग सिलिका स्तंभातून काढू नये. सिलिका आम्लधर्मी असते आणि इमिन तिच्यावर मोडते. टीएलसी, म्हणजे पातळ थरावरील वर्णलेखन, पाहतानाही द्रावकात एक टक्का ट्रायइथिलॲमिन मिसळावे, अन्यथा शुद्ध संयुगातही अल्डिहाइडचा खोटा ठिपका दिसतो. एनएमआरसाठी (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या चाचणीसाठी) वापरल्या जाणाऱ्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो, त्यामुळे ते आधी कोरड्या पोटॅशियम कार्बोनेटमधून गाळून घ्यावे. वर्णपटात ८.४ ते ८.५ पीपीएमला इमिनच्या हायड्रोजनचे एकेरी शिखर, ४.० जवळ ऑक्सिजनला लागलेल्या मिथिलीनचे त्रिशिखर आणि १०.० ला काहीही नाही, असे चित्र हवे. शुद्धीकरण केवळ पुनःस्फटिकीकरणाने करावे आणि लागोपाठ दोन स्फटिकीकरणांनंतर निवळण्याचे तापमान बदलत नाही, तोपर्यंत थांबू नये. टीएलसीवर एक ठिपका दिसला म्हणून समाधान मानणे या विषयात पुरेसे नाही. किंचित अशुद्धीसुद्धा संक्रमण तापमानात दिसते.

निरीक्षणासाठी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक आणि तापवता येणारे हॉट स्टेज लागते. रसायनशास्त्र विभागात असा सूक्ष्मदर्शक नसल्यास भूगर्भशास्त्र विभागात चौकशी करावी. दख्खनच्या बेसॉल्टचे पातळ छेद पाहण्यासाठी ते लोक नेमका हाच सूक्ष्मदर्शक वापरतात. तोही नसल्यास द्रवणांक पाहण्याच्या साध्या उपकरणात केशनळीतून गढूळ द्रव आणि निवळ द्रव हे दोन टप्पे ओळखता येतात, मात्र अवस्था कोणती हे त्यावरून सांगता येत नाही.

स्वच्छ काचपट्टीवर मोहरीच्या दाण्याहून कमी नमुना ठेवावा, कव्हरस्लिप ठेवून एकदा तो निवळेपर्यंत तापवावा आणि मग नोंदींना सुरुवात करावी. दोन्ही ध्रुवक काटकोनात असताना निवळ द्रव पूर्ण काळा दिसतो. आता मिनिटाला एक अंश या वेगाने तापमान उतरवावे. नेमॅटिक अवस्था येणार असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर एकाएकी बारीक गोल थेंब उमटतात, त्यांवर काळी फुली दिसते, ते वाढून एकमेकांना मिळतात आणि काही क्षणांत सगळे क्षेत्र रंगीत होऊन त्यात काळ्या पट्ट्यांच्या गाठी तयार होतात. एका गाठीतून दोन किंवा चार पट्टे निघतात. स्मेक्टिक ए येणार असेल तर गोल थेंबांऐवजी लहान काड्या उमटतात आणि त्यांपासून पंख्यासारखी नक्षी तयार होते. स्मेक्टिक सीमध्ये ते पंखे चिरल्यासारखे दिसतात आणि पट्ट्यांच्या गाठीतून चारच पट्टे निघतात. कधीकधी रेणू काचेवर उभे राहिल्याने द्रवस्फटिकी अवस्था असूनही क्षेत्र काळे राहते. अशा वेळी सुईच्या टोकाने कव्हरस्लिपवर हलकेच टिचकी मारावी. प्रकाशाची लहर चमकून गेली तर अवस्था द्रवस्फटिकी आहे.

पुराच्या दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी चढताना जितक्या काळजीने वाचली जाते, तितक्याच काळजीने उतरतानाही वाचली जाते. तापमानाच्या नोंदीही तशाच दोन्ही दिशांनी घ्याव्यात. निवळण्याचे तापमान चढताना आणि उतरताना जवळपास सारखेच आले पाहिजे. दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक पडत असेल तर तापवण्याचा वेग अधिक आहे किंवा नमुना अशुद्ध आहे. स्फटिक बनण्याचे तापमान मात्र उतरताना बरेच खाली जाऊ शकते आणि त्यात दोष नाही. एखादी अवस्था केवळ थंड होतानाच दिसली तर तिला मोनोट्रॉपिक म्हणावे आणि तक्त्यात ते तापमान कंसात लिहावे. दोन्ही दिशांनी दिसणारी अवस्था एनॅन्शिओट्रॉपिक होय.

डीएससीसाठी, म्हणजे तापताना व थंड होताना नमुना किती उष्णता घेतो वा सोडतो हे मोजण्यासाठी, नमुना कोल्हापूरला विद्यापीठात किंवा अन्यत्र पाठवताना तापवणे, थंड करणे आणि पुन्हा तापवणे, असे तीनही फेरे स्पष्ट लिहून मागावेत. पहिल्या फेऱ्यात स्फटिकीकरणाच्या द्रावकाचा आणि पूर्वीच्या स्फटिकरूपाचा प्रभाव राहतो, म्हणून तुलना दुसऱ्या तापवण्याशी करावी. नेमॅटिकपासून निवळ द्रव होतानाचे शिखर फारच छोटे असते, बहुधा एक किलोजूल प्रति मोल किंवा त्याच्या आसपास, तर स्फटिक वितळताना दहापटींनी अधिक ऊर्जा लागते. त्यामुळे आलेखावर शिखर दिसले नाही म्हणून नेमॅटिक अवस्था नाही असे लगेच लिहू नये. सूक्ष्मदर्शकाने दाखवलेल्या तापमानाजवळ आलेख मोठा करून पाहावा.

संयुगाचा उपयोग काय, हा प्रश्न तोंडी परीक्षेत येतोच. त्याचे उत्तर अवस्थेच्या तापमानपट्ट्यात असते. १९६९ मध्ये एमबीबीए प्रसिद्ध झाले तेव्हा खोलीच्या तापमानाला, सुमारे २२ ते ४७ अंशांत, नेमॅटिक राहणारे संयुग म्हणून त्याचे महत्त्व होते. पुढे इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे यांच्या गटाने सायनोबायफेनिल तयार केले, ज्यात इमिन नसल्याने ओलाव्याची भीती उरली नाही. त्यांतील पाच कार्बनांच्या साखळीचे ५सीबी सुमारे ३५ अंशांना निवळते. म्हणजे सांगलीच्या मे महिन्यात ते बाटलीत साधा द्रव म्हणूनच पडून राहील. दर्शनपटलांत एकच संयुग न वापरता अनेकांची मिश्रणे का वापरतात, हे या एका उदाहरणाने परीक्षकांना पटवता येते. आपले तीन वलयांचे संयुग फार वरच्या तापमानाला निवळत असले तरी तो दोष मानू नये, कारण मिश्रणाचे निवळण्याचे तापमान वर नेण्यासाठी अशीच संयुगे मिसळावी लागतात.

‘नवे’ हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात घालण्याआधी रेणूची रचना आणि रेणुसूत्र या दोन्हींनी शोध घ्यावा. ब्युटिलॲनिलिनसारख्या साध्या ॲमिनपासून मिळणारी बरीच संयुगे पूर्वीच नोंदली गेलेली असतात; ती सरावासाठी ठेवावीत आणि नावीन्य बाजूच्या गटात किंवा न केलेल्या साखळीत शोधावे. मालिका करायची असल्यास सम आणि विषम दोन्ही कार्बनसंख्या घ्याव्यात, कारण निवळण्याचे तापमान अनेकदा एकाआड एक कार्बनाला वर-खाली होत जाते आणि केवळ सम संख्या घेतल्यास हा क्रम दिसतच नाही.

प्रत्येक नमुना झाकण घट्ट बसणाऱ्या लहान कुपीत भरावा, तिच्यावर संयुगाचा क्रमांक, स्फटिकीकरणाचा द्रावक, तारीख आणि त्या दिवशी मोजलेले निवळण्याचे तापमान लिहावे आणि ती सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवावी. सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले की ते भट्टीत तापवून पुन्हा निळे करावे. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा करावे लागते. प्रबंध बांधायला देण्यापूर्वी प्रत्येक कुपीतील नमुना पुन्हा एकदा हॉट स्टेजवर ठेवून कुपीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा आणि जो जुळणार नाही, तो पुन्हा स्फटिकवून त्याचे तापमान नव्याने मोजल्याशिवाय तक्त्यात घालू नये.